तान्ह्याच्या छातीला हंगामाचा राखणदार



मृगाचा पाऊस पडला, पेरण्या उरकल्या, की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत निंदण-डवरणीची धांदल सुरू होते. संग्रामपूर घ्या, सोनाळा घ्या, टुनकी, वरवट बकाल, पातुर्डा, कोणतेही गाव घ्या. आई शेतात, आजी घरी, चुलीत ओली लाकडे, घरात दमट हवा आणि पाळण्यात शिंकणारे तान्हे बाळ. “सर्दीच आहे, निघेल दोन दिवसांत,” असे आजी म्हणते. बहुतेक वेळा आजीचे म्हणणे खरे ठरते. पण एखाद्या घरी तीच सर्दी छातीत उतरते. बाळ अंगावरचे दूध सोडते, पोट भात्यासारखे खालीवर होऊ लागते आणि रात्री धावपळ सुरू होते.

अलीकडे शहरात नोकरीला असलेल्या लेकी-सुनांकडून एक बातमी गावात येते. परदेशात म्हणे तान्ह्या बाळाच्या मांडीत एकच सुई देतात आणि त्या हंगामापुरती बाळाची छाती सांभाळली जाते. हे खरे आहे का? ही लस आहे का? आपल्या बाळाला मिळेल का? आणि मिळत नसेल, तर आपण काय करावे? आज याच चार प्रश्नांचा विचार करू.

रोग कोणता?

तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणाऱ्या सर्दीमागे अनेक विषाणू असतात. त्यांतला सर्वांत मातब्बर म्हणजे आर.एस.व्ही. पूर्ण नाव मोठे आहे, रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. आपण आर.एस.व्ही. एवढेच म्हणू. १९५६ साली अमेरिकेत तो प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझी माकडांत. पुढच्याच वर्षी आजारी बालकांतही तोच निघाला. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सर्वच मुलांना तो एकदा तरी गाठतो. थोरामोठ्यांना त्याची साधी सर्दी होते. म्हणूनच घरातला शिंकणारा माणूस बाळाला तो देऊन जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग तान्ह्यालाच तो एवढा जड का जातो? ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे चटकन उमजेल. मोठ्या पाइपात थोडा गाळ बसला तरी पाणी वाहत राहते. पण खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा चिमूटभर क्षार ठिबकच्या बारीक छिद्रात बसला, की त्या झाडाचे पाणी बंद. बाळाच्या फुप्फुसातल्या शेवटच्या श्वासनळ्या अशाच बारीक असतात. विषाणूमुळे त्यांना आतून सूज येते, चिकट स्राव साचतो आणि हवा आत-बाहेर होणे कठीण होते. बाळ जितके लहान, तितकी नळी बारीक आणि तितका धोका मोठा. वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची, हृदयात जन्मतः दोष असलेली बाळे तर अधिकच धोक्यात.

२०१९ सालाचा जगाचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्या एका वर्षात पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक मुले या विषाणूने दगावली. त्यांत जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती. आणि शंभरातले सत्त्याण्णव मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते.

शेजारच्या मेळघाटाने काय दाखवले?

हे लांबचे आकडे म्हणून सोडून देऊ नका. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य ज्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्याच मेळघाटातल्या गावांत या रोगाचा मोठा अभ्यास झाला आहे. धारणी तालुक्यातील उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या महान संस्थेचे रुग्णालय आहे. या संस्थेने, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील तज्ज्ञ डॉ. एरिक सिमोएस यांच्या सोबतीने, २०१६ पासून काही वर्षे दोन वर्षांखालील मुलांवर गावोगाव लक्ष ठेवले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मुले तपासली. जास्त आजारी असलेल्या बाळांच्या, आणि घरीच दगावलेल्या बाळांच्याही नाकातले नमुने घेऊन ते तपासले गेले. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातून जे दिसले ते प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. आर.एस.व्ही.ने जाणारी बाळे दवाखान्यातच जातात असे नाही, घरीही जातात. त्यांची नोंद दवाखान्याच्या वहीत कधीच होत नाही. वहीत नोंद नाही म्हणजे रोग नाही, असा समज मग सरकारदरबारी होतो आणि गावातही होतो. “बाळाला नजर लागली,” “बाहेरचे झाले,” एवढ्यावर गोष्ट मिटते.

मग ती सुई काय करते?

आता त्या सुईकडे वळू. पहिली गोष्ट, ती नेहमीच्या अर्थाने लस नाही. फरक समजून घेऊ.

शेतात रानडुकरे शिरू लागली तर दोन उपाय असतात. एक, घरच्या पोरांना जागलीला बसायला शिकवायचे. शिकायला वेळ लागतो, पण एकदा शिकली की वर्षानुवर्षे कामाला येतात. दुसरा, हंगामापुरता तयार राखणदार ठेवायचा. तो पहिल्या रात्रीपासून काम करतो आणि हंगाम संपला की निघून जातो. लस म्हणजे पहिला उपाय. ती बाळाच्या शरीराला रोगाशी लढायला शिकवते. ही सुई म्हणजे दुसरा उपाय. तिच्यात तयार राखणदारच असतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात.

तयार प्रतिपिंडे देण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी ती दाखवून दिली. तुमच्या शेतात कुणाला नाग किंवा घोणस चावली तर दवाखान्यात जे औषध देतात, ते याच जातीचे. घोड्याला सापाच्या विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देतात. घोड्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती काढून शुद्ध करतात आणि माणसाला टोचतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखमेत जे औषध टोचतात, तेही तयार प्रतिपिंडांचेच. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०१७ साली त्यासाठी घोड्याच्या रक्ताऐवजी कारखान्यात पेशी वाढवून केलेले प्रतिपिंड बाजारात आणले. बाळाच्या छातीसाठीची सुई या नव्या पद्धतीनेच बनते.

निसर्गही हेच करतो. गाय व्याली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. गाईच्या पोटात असताना वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती सारी चिकातूनच मिळतात. माणसाचे तसे नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात, आणि त्यांतली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाची शिदोरीही काही महिन्यांत सरत जाते. आईचे पहिले चिकाचे दूध आणि पुढचे स्तनपान आतड्याला व घशाला आधार देते, पण आर.एस.व्ही.पुढे तेवढे राखणदार दर वेळी पुरतातच असे नाही. ही उणीव ती सुई भरून काढते.

एवढी वर्षे का लागली?

रोग १९५६ साली कळला आणि ही सुई २०२२ नंतर आली. मध्ये एवढा काळ का गेला, असे कुणी विचारील. त्यामागे एक दुःखद कहाणी आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत मारलेल्या विषाणूची लस काही बालकांना दिली होती. ती लस राखण करण्याऐवजी उलटली. पुढे खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेली तान्ही बाळेच जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे फुंकून फुंकून पाऊल टाकले.

१९९८ साली पॅलिव्हिझुमॅब नावाचे तयार प्रतिपिंड अमेरिकेत मान्य झाले. ते चांगले होते, पण दर महिन्याला टोचावे लागे आणि फार महाग. म्हणून ते फक्त अतिधोक्याच्या बाळांनाच देत. खरी वाट मोकळी झाली २०१३ साली. या विषाणूच्या अंगावर कुसळासारखे काटे असतात आणि त्यांनीच तो पेशीला चिकटून आत शिरतो. चिकटताना तो काटा आपले रूप बदलतो. रूप बदलण्यापूर्वी तो कसा दिसतो, हे अमेरिकेतील मॅक्लेलन, ग्रॅहम व क्वाँग यांच्या गटाने दाखवले. न बदललेल्या काट्याच्या शेंड्यावर जाऊन बसणारे प्रतिपिंड फार प्रभावी ठरते. शेंडा झाकला, की कुसळ रुतत नाही.

त्यातलेच एक प्रतिपिंड निर्सेव्हिमॅब. आपल्या अंगातले साधे प्रतिपिंड सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते. निर्सेव्हिमॅबच्या रचनेत थोडा बदल केलेला असल्याने ते निम्मे व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणून एकच सुई निदान पाच महिने, म्हणजे एक पुरा हंगाम, राखण करते. पाच किलोखालील बाळाला ५० मिलिग्रॅम, त्याहून जड बाळाला १०० मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. युरोपात ते २०२२ साली आणि अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मान्य झाले. फ्रान्स, जर्मनी व इंग्लंड या देशांत आठ हजारांवर बाळांवर चाचणी झाली. सुई घेतलेल्या बाळांत या रोगाने दवाखान्यात दाखल होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा ८३ टक्क्यांनी कमी निघाले. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या हंगामात ती सर्व तान्ह्या बाळांना द्यायला सुरुवात केली. तिथेही असाच अनुभव आला. जून २०२५ मध्ये अमेरिकेत क्लेस्रोव्हिमॅब नावाचे असेच दुसरे इंजेक्शनही मान्य झाले.

याच्या जोडीला आणखी एक मार्ग आहे. गरोदर आईलाच शेवटच्या महिन्यांत लस द्यायची, म्हणजे तिचे शरीर प्रतिपिंडे बनवते आणि वारेतून बाळाला देते. ही लसही २०२३ साली मान्य झाली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही मार्गांची शिफारस प्रसिद्ध केली.

या सुईच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती फक्त आर.एस.व्ही.शी लढते. दुसऱ्या विषाणूंची सर्दी, फ्ल्यू, जंतूंचा न्यूमोनिया, डांग्या खोकला, गोवर यांना ती अडवत नाही. बाळाच्या नेहमीच्या लसी तिच्यामुळे चुकवता येत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी देता येतात. टोचल्या जागी दुखणे, किंचित पुरळ, थोडा ताप एवढाच त्रास सहसा होतो, आणि तोही थोड्यांना. सुई घेऊनही एखादे बाळ आजारी पडू शकते. आणि आधीच धाप लागलेल्या बाळाला ती देऊन उपयोग नाही. ती आधी द्यायची असते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपल्या बाळाला मिळेल का?

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारच्या मोफत लसीकरणाच्या यादीत हे इंजेक्शन नाही. गावातल्या लसीकरणाच्या दिवशी ते मिळणार नाही. अमेरिकेत २०२३ साली एका मात्रेची किंमत सुमारे ४९५ डॉलर होती, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या घरात. एवढ्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरची पेरणी होते. ज्या देशांत ऑक्सिजनचे दवाखाने हाकेच्या अंतरावर, तिथे सुई पोचली आहे. ज्या गावांतून बाळ दवाखान्यात न पोचताच जाते, तिथे ती नाही. हा उलटा न्याय आहे, आणि तो बोलून दाखवलाच पाहिजे.

पण निराश होऊ नका. न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची पी.सी.व्ही. लस आठवा. तीही एके काळी फक्त खाजगी दवाखान्यात, हजारो रुपयांना मिळे. २०१७ पासून सरकारने ती काही राज्यांत मोफत द्यायला सुरुवात केली आणि २०२१ साली ती देशभर मोफत झाली. पुण्यातच तशी स्वस्त लस तयार झाली. सापाच्या विषावरचे औषध आणि कुत्र्याच्या चाव्यावरचे प्रतिपिंड जिथे बनते, त्या महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. तोवर ग्रामसभेत, आरोग्य केंद्रात विचारत राहा. मागणी असल्याशिवाय यादी वाढत नाही. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल किंवा हृदयात दोष असेल, तर बालरोगतज्ज्ञांना या इंजेक्शनाबद्दल नावाने विचारा. आपल्याकडे हा रोग मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर धरतो, म्हणून पाऊस लागण्याआधीच विचारलेले बरे. कर्ज काढून मात्र धावू नका. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

तोवर घरात काय करावे?

सुई नसतानाही बाळे वाचवता येतात, हे विदर्भानेच जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले, आणि बालमृत्यू कमी झाले. १९९० साली तो अनुभव जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापला गेला. मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक साधन केले. पुढे नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची त्यांची पद्धत २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाने शिकाव्या, आजोबांनीसुद्धा.

श्वास मोजा. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचे कापड वर करा. घड्याळ किंवा मोबाइल समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असले, तर दवाखाना गाठा.

पुढील खुणा दिसल्या तर मोजत बसू नका, लगेच निघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे (काही घरांत याला पोटात डबा उडणे म्हणतात), कण्हणे, दूध न ओढणे, ओठ निळे पडणे, बाळ गळून जाणे, श्वास मध्येच थांबणे, अंग गार पडणे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तो साधा समजू नये. १०८ ला फोन करा. वरवट बकालचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. तिथून शेगाव, खामगाव किंवा अकोल्याला पाठवले तर “उद्या पाहू” म्हणू नका. या रोगात ऑक्सिजन आणि वेळेवर पोटात किंवा शिरेतून पाणी हाच मोठा उपचार. तो घरी होत नाही.

पोटावर चटके देऊ नका. मेळघाटात डंबा म्हणून ही प्रथा आहे. तिने धाप जात नाही. जखम मात्र होते आणि मोलाचे तास जातात. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. उरलेले जंतुनाशक औषध आपल्या मनाने देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजा आणि सहा महिने फक्त आईचेच दूध द्या. सर्दी झालेल्या माणसाने, मग तो मामा असो की आत्या, बाळाचा मुका घेऊ नये. बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुवा. बाळ असलेल्या खोलीत बिडी नको, चुलीचा धूर नको. दिवस कमी असलेल्या बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्या. पी.सी.व्ही., पेंटा, गोवर यांच्या तारखा चुकवू नका.

आणि आजीबाईंना एक विनंती. आई निंदणाला गेली की बाळाची खरी राखणदार तुम्हीच. दुपारी पाळणा हलवताना एकदा बाळाचे पोट पाहा आणि मिनिटभर मोजा. आकडे मोजता येत नसतील तर नातीला मोजायला बसवा. तीही शिकेल.

पुढील अंकी : गरोदरपणातील शेवटचे तीन महिने, आहार आणि विश्रांती.